अंधारखोलीतला विद्यार्थी : दादासाहेब फाळके

(तृतीय वर्ष, कला)

दरवर्षी वार्षिकांकाचे काम सुरू झाले की संपादक मंडळाच्या बैठकीत त्याच त्या तक्रारी ऐकू येतात. फोटो काढायला आपल्याला कोणी शिकविलेले नाही. पानाची मांडणी कशी करावी, मुखपृष्ठ कसे असावे, हे कोणाला नीट ठाऊक नाही. आपण पडलो कलाशाखेचे विद्यार्थी, आणि आपल्या शाखेच्या नावात ‘कला’ असली तरी वर्गात येतात ते इतिहास, अर्थशास्त्र आणि भाषा. मग जमतील तसे फोटो गोळा करायचे आणि छापखान्याच्या हवाली करायचे. अंक हाती आला की स्नेहसंमेलनाच्या फोटोत निम्मे चेहरे काळे असतात, आणि साल्हेरच्या सहलीच्या फोटोत किल्ला तेवढा दिसतो, माणसे शोधावी लागतात. हळहळ व्यक्त होते आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

ही हळहळ ऐकताना मला नेहमी एका माणसाची आठवण होते. तो आपल्याच नाशिक जिल्ह्याचा. आपले नामपूर जिल्ह्याच्या एका टोकाला, मोसमच्या काठी. त्याचे गाव दुसऱ्या टोकाला, गोदावरीच्या उगमापाशी. त्यालाही हवी ती विद्या एका ठिकाणी, एका वर्गात, एका गुरूकडे कधीच मिळाली नाही. ती त्याने तुकड्यातुकड्यांनी गोळा केली आणि तिच्यातून असे काही उभे केले की आज सारा देश त्याचे नाव घेतो. ते नाव म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, अर्थात दादासाहेब फाळके.

दादासाहेबांचे नाव आपल्याला माहीत असते ते बहुधा पुरस्कारामुळे. चित्रपटसृष्टीतील प्रदीर्घ सेवेबद्दल भारत सरकार १९६९ सालापासून त्यांच्या नावाने सर्वोच्च सन्मान देत आले आहे. भारतीय चित्रपटाचे जनक ही त्यांची पदवीही आपण शाळेत पाठ केलेली असते. परंतु एक साधा हिशेब आपण सहसा करीत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला तेव्हा दादासाहेबांनी वयाची त्रेचाळीस वर्षे पूर्ण केली होती. म्हणजे ज्या कामासाठी ते ओळखले जातात, ते त्यांनी चाळिशी उलटल्यावर आरंभिले. मग त्याआधीची पंचवीस-सव्वीस वर्षे हा माणूस करीत तरी काय होता? या प्रश्नाचे उत्तर मला त्यांच्या पुढच्या कीर्तीपेक्षाही मोलाचे वाटते.

धुंडिराज यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे पंडित. घरात पूजाअर्चा, पाठांतर आणि पुराणांचे वातावरण. मुलाने वडिलांचीच वाट धरावी अशी घरच्यांची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. पण मुलाचा ओढा चित्रे काढण्याकडे, मूर्ती घडविण्याकडे आणि नकला करण्याकडे. वडिलांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकविण्याची जागा मिळाली आणि कुटुंब मुंबईस आले. त्यामुळे धुंडिराज यांना १८८५ साली सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेता आला. त्र्यंबकच्या भिक्षुकाच्या घरातील मुलगा चित्रशाळेत जातो, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

तेथे रेखाटनाचे प्राथमिक शिक्षण घेऊन ते थोरल्या भावाकडे बडोद्यास गेले. बडोदा म्हणजे सयाजीराव गायकवाडांचे बडोदा. महाराजांच्या आश्रयाने आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या प्रयत्नांनी १८९० साली तेथे कलाभवन ही संस्था सुरू झाली. गज्जर स्वतः रसायनशास्त्रज्ञ. हातांनी करावयाच्या विद्या शास्त्रीय पद्धतीने आणि शक्यतो देशी भाषेतून शिकवाव्यात, असा त्यांचा आग्रह. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम यांच्या जोडीला तेथे चित्रकला आणि छायाचित्रणही होते. याच सुमारास धुंडिराज यांनी आपला पहिला कॅमेरा मिळविला. तैलरंग, जलरंग, मूर्तिकाम, वास्तुरेखन असे जे जे समोर आले ते ते त्यांनी शिकून घेतले. १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली आणि तिला सुवर्णपदक मिळाले.

गज्जर यांनी या विद्यार्थ्यासाठी आणखी एक गोष्ट केली. कलाभवनाचा फोटो-स्टुडिओ आणि प्रयोगशाळा त्यांनी त्याला वापरावयास दिली. शिवाय छपाईचे ठसे करण्याची विद्या शिकण्यासाठी त्याला रतलामला बाबूलाल वरुळकर यांच्याकडे धाडले. विद्यार्थ्याच्या हाती उपकरण देणारा शिक्षक भेटणे ही भाग्याची गोष्ट, आणि धुंडिराज यांच्या वाट्याला ती आली.

ही ठशांची विद्या काय होती हे थोडे समजावून घेतले पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. छापखान्याच्या यंत्राला दोनच गोष्टी कळतात. कागदावर एके ठिकाणी शाई लागते किंवा लागत नाही. आता माणसाच्या चेहऱ्यावर तर उजेडापासून सावलीपर्यंत असंख्य छटा असतात. त्या एकाच काळ्या शाईने कशा छापायच्या? त्यासाठी फोटोची नक्कल कॅमेऱ्यातून पुन्हा घेतात, आणि ती घेताना मध्ये बारीक आडव्या-उभ्या रेघांची काच धरतात. त्या जाळीतून आलेला प्रकाश ठिपक्याठिपक्यांनी विभागला जातो. उजेडाच्या जागी ठिपके लहान, सावलीच्या जागी मोठे. हे ठिपके जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर उतरवून पत्रा आम्लात ठेवला की मधला भाग खाल्ला जातो आणि ठिपके उठून राहतात. यालाच हाफटोन ब्लॉक म्हणतात. आपल्या ग्रंथालयात खिळ्यांच्या छपाईचा एखादा जुना वार्षिकांक सापडला, तर त्यातील फोटोवर भिंग धरून पाहावे. चेहरा नाहीसा होतो आणि नुसते ठिपके दिसू लागतात. अशा अंकांत पारितोषिक विजेत्यांचे फोटो आरंभी गुळगुळीत आर्ट पेपरवर वेगळे का छापीत, याचेही कारण हेच. खरखरीत कागदावर बारीक ठिपक्यांची शाई पसरते आणि चित्राचा चिखल होतो.

तीन रंगांची छपाई तर याहून कठीण. एकाच चित्राच्या निरनिराळ्या रंगांच्या काचांमधून तीन नकला घ्यावयाच्या, त्यांचे तीन ठसे करावयाचे, आणि पिवळा, तांबडा, निळा असे तीन रंग एकावर एक छापावयाचे. एखादा ठसा केसभर सरकला तरी नाकाला दोन कडा येतात. ही विद्या हाताला शिस्त लावते, आणि केसभर म्हणजे किती हे डोळ्यांना शिकविते. तरुण फाळके यांनी रतलामच्या अंधाऱ्या खोलीत गिरविलेला हा धडा वीस वर्षांनी अगदी अनपेक्षित ठिकाणी उपयोगी पडणार होता.

परंतु विद्या हाती आली म्हणून पोट भरतेच असे नाही. फाळके यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय सुरू केला. तेथे त्यांच्यावर आकाश कोसळले. प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी आणि मूल दोघेही गेले. ते पुन्हा बडोद्यास आले. तेथे पुन्हा दुकान मांडले, तर कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो आणि फोटो काढल्याने आयुष्य कमी होते, अशी समजूत लोकांत पसरलेली. गिऱ्हाईक येईना. तेव्हा त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगविले. त्या निमित्ताने रंगभूमी जवळून पाहिली, लहानसहान भूमिकाही केल्या. बडोद्यात आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून जादूचे प्रयोग शिकले आणि आपल्याच आडनावाची अक्षरे उलटी करून प्रोफेसर केळफा या नावाने ते प्रयोग करू लागले.

वरवर पाहता हा सारा धरसोडीचा प्रकार वाटतो. त्या काळच्या नातेवाइकांना तो तसा वाटला असल्यास नवल नाही. आज चित्रकार, उद्या फोटोग्राफर, परवा पडदे रंगविणारा, तेरवा जादूगार! आपल्यापैकी एखाद्याने असे केले तर घरचे काय म्हणतील? पण नीट पाहिले तर या साऱ्या उद्योगांत एक सूत्र आढळते. प्रत्येक ठिकाणी ते एकाच प्रश्नाशी झगडत होते. पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एखादी गोष्ट उभी कशी करावी, आणि त्याला ती खरी कशी वाटावी?

१९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नीचे सासरचे नाव सरस्वतीबाई. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. १९०३ साली फाळके यांना पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि रेखाटनकार म्हणून नोकरी मिळाली. सरकारी नोकरी, नियमित पगार. परंतु ते दिवस स्वदेशीच्या चळवळीचे होते आणि स्वतःचा उद्योग उभारण्याची हौस त्यांना स्वस्थ बसू देईना. १९०६ साली त्यांनी नोकरी सोडली आणि भागीदारीत लोणावळ्यास ठसे करण्याचा व छपाईचा कारखाना काढला. जवळच मळवली येथे प्रसिद्ध रविवर्मा प्रेस होता. राजा रविवर्म्याची लक्ष्मी आणि सरस्वती घराघरांत पोहोचली ती तेथील शिळाछापाच्या रंगीत चित्रांमुळे. फाळके यांचा कारखाना या प्रेससाठी फोटोवरून दगडावर चित्र उतरविण्याचे काम करीत असे. देवदेवतांची रूपे सामान्य माणसाच्या मनात कशी ठसली आहेत, हे त्यांना येथे रोज हाताळावयास मिळाले.

१९०८ साली हा कारखाना मुंबईस दादर येथे आला. पुरुषोत्तम मावजी हे नवे भागीदार मिळाले आणि लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स असे नवे नाव ठेवण्यात आले. १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी फाळके जर्मनीस जाऊन आले. योगायोग असा की, त्याच वर्षी काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढला आणि मराठीत दिवाळी अंकांची परंपरा सुरू झाली. मराठी वाचकाला आता नुसता मजकूर पुरेसा वाटेनासा झाला होता. त्याला चित्रे हवी होती, देखणे मुखपृष्ठ हवे होते. अशा वेळी रंगीत छपाईत पारंगत असलेल्या माणसाला काही कमी पडण्याचे कारण नव्हते. पैसा येत होता, नाव होत होते.

आणि नेमक्या याच वेळी भागीदारांशी बिनसले. कारखाना कसा चालवावा याबद्दल मतभेद झाले आणि फाळके एक पैसाही न घेता बाहेर पडले. वय चाळिशीचे, पदरी मुले, हाती कसब आहे पण काम नाही, अशी त्यांची अवस्था झाली. माझ्या मते त्यांच्या चरित्रातील सर्वांत बिकट क्षण हाच होय. इतक्या वर्षांत जमविलेले सारे मातीमोल झाले असे कोणालाही वाटले असते.

अशा दिवसांत, १९१०-११ च्या सुमारास, गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. सारे प्रेक्षक पडद्यावर ख्रिस्त पाहत होते. फाळके यांच्या मनात मात्र त्याच पडद्यावर राम आणि कृष्ण हिंडू लागले. दगडावरून कागदावर उतरविलेल्या त्या देवता हालत्या-चालत्या झाल्या तर? हा विचार त्यांना सुचला याचे आश्चर्य वाटावयास नको. त्यांची सारी पूर्वतयारी याच विचाराकडे येत होती.

मग ते पुन्हा विद्यार्थी झाले. मिळेल ते साहित्य जमविले, लहानसा कॅमेरा घेतला, संध्याकाळी चित्रपट पाहावयाचे आणि रात्री प्रयोग करावयाचे. झोप नाही, विश्रांती नाही. डोळ्यांनी असहकार पुकारला आणि काही काळ दृष्टी जाण्याची वेळ आली. डॉक्टरांच्या उपचाराने आणि तीन-चार चष्म्यांच्या साहाय्याने ते त्यातून सावरले. ज्याची सारी विद्या डोळ्यांवर अवलंबून, त्याला डोळेच जाण्याची भीती पडावी, ही कल्पनाच अंगावर काटा आणते. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून त्यांनी कर्ज काढले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनचे जहाज पकडले.

लंडनमध्ये त्यांची ना कोणाशी ओळख, ना कोणाची चिठ्ठी. तेथे त्यांच्या मदतीला आले ते एक साप्ताहिक. ‘बायोस्कोप’ नावाच्या चित्रपटविषयक साप्ताहिकाचे ते वर्गणीदार होते. पिकॅडिली भागात त्या साप्ताहिकाची पाटी दिसताच ते सरळ आत शिरले आणि संपादकांना भेटले. हिंदुस्थानातून आपला एक वाचक ही विद्या शिकण्यासाठी आला आहे, हे पाहून संपादकांनी आस्था दाखविली, कोणता कॅमेरा घ्यावा हे सांगितले आणि सेसिल हेपवर्थ या नामवंत निर्मात्याच्या स्टुडिओत त्यांना पाठविले. नियतकालिकाचे कार्यालय ही देखील एक शाळा असू शकते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. पन्नास पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेऊन, कच्च्या फिल्मची आणि फिल्मला भोके पाडण्याच्या यंत्राची मागणी नोंदवून, ते १ एप्रिल १९१२ रोजी मुंबईस परतले.

यंत्रसामग्री आली, पण भांडवल कोण देणार? फाळके यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरले आणि कॅमेरा तिच्यापुढे ठेवला. महिनाभराहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्रण केले. जमिनीतून अंकुर फुटतो, वर येतो, त्याचा वेल होतो, हे सारे पडद्यावर एक-सव्वा मिनिटात घडताना दिसले. ‘अंकुराची वाढ’ हा त्यांचा पहिला लघुपट. भांडवलदार थक्क झाले आणि कर्ज मिळाले. चित्रकाराची नजर, छायाचित्रकाराचा संयम आणि जादूगाराची युक्ती या तिन्ही गोष्टी त्या एका कुंडीत एकत्र आल्या होत्या.

यापुढची हकीकत सरस्वतीबाईंवाचून सांगताच येणार नाही. पैसा कमी पडला तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने काढून दिले. कच्च्या फिल्मच्या कडांना तेव्हा भोके नसत. ती घरीच, रात्रीच्या अंधारात, यंत्राने पाडावी लागत. भोकांचे अंतर जराही चुकले की पडद्यावर चित्र उड्या मारते. तीन रंगांचे ठसे केसभरही सरकू न देण्याची शिस्त फाळके यांना येथे उपयोगी पडली, आणि ती त्यांनी पत्नीला शिकविली. दिवसभर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करायचा, चित्रीकरणात पांढरी चादर धरून उन्हाचा उजेड नटांच्या तोंडावर पाडायचा, आणि रात्री अंधारात फिल्मला भोके पाडायची, रसायने कालवायची, असा त्यांचा दिनक्रम होता. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत हे नाव नाही, पण ते प्रत्येक फुटावर आहे असे म्हणावयास हरकत नाही.

कॅमेरा फिरविण्यासाठी फाळके यांनी आपल्या त्र्यंबकच्या दिवसांतील स्नेही त्र्यंबक तेलंग यांना बोलावून घेतले आणि तयार केले. नट मिळाले ते सारे नवशिके. स्त्रियांच्या भूमिकांसाठी कोणी स्त्री पुढे येईना. शेवटी ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके, आणि रोहिदास झाला फाळके यांचाच मुलगा भालचंद्र. सहा महिने आणि सत्तावीस दिवसांत ३,७०० फूट लांबीचा चित्रपट तयार झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ पासून गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो सर्वांना पाहावयास मिळाला.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. रामचंद्र गोपाळ ऊर्फ दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी, म्हणजे वर्षभर आधी, त्याच कॉरोनेशनमध्ये झळकला होता. पहिला मान कोणाचा, हा वाद त्यामुळे अधूनमधून निघतो. परंतु ‘पुंडलिक’ हे नाटकाचे चित्रण होते, कॅमेरा परदेशी माणसाने चालविला होता आणि फिल्मवरील पुढील प्रक्रिया विलायतेत झाली होती. फाळके यांनी कथा, देखावे, वेश, चित्रण, धुलाई, जोडणी हे सारे येथे, दादरच्या घरात केले. तोरणे यांचा मान कमी न करता एवढे म्हणता येईल की, चित्रपट ही विद्या मुळापासून फाळके यांनी या मातीत रुजविली.

यशानंतर त्याच वर्षी त्यांनी आपले बिऱ्हाड नाशिकला हलविले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या आणि स्त्रियांनी पडद्यावर येण्यास आरंभ झाला. १९१४ साली फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथेच राहून चित्रपट काढण्याची भरघोस मागणी त्यांना आली, पण ती नाकारून ते परत आले. त्यानंतर महायुद्ध पेटले, फिल्म मिळेनाशी झाली, भांडवल आटले. त्यातूनही १९१७ साली ‘लंकादहन’ निघाला. त्यात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये बाळकृष्ण झाली ती दादासाहेबांची छोटी मुलगी मंदाकिनी.

याच काळात त्यांनी दोन गोष्टी अशा केल्या की ज्यांची चर्चा कमी होते. ‘नवयुग’ मासिकातून त्यांनी चित्रपटाच्या धंद्याविषयी आणि तंत्राविषयी मराठीत लेख लिहिले. शिवाय चित्रपट कसा तयार होतो हे दाखविणारा एक लघुपटच काढला. जादूगार आपल्या युक्त्या लपवून ठेवतो. प्रोफेसर केळफा मात्र सगळे उघड करून दाखवीत होते. एका साप्ताहिकाकडून जे घेतले, ते एका मासिकातून परत केले, असेच म्हणावयाचे.

१९१८ साली भांडवलदारांच्या साहाय्याने हिंदुस्तान सिनेमा फिल्म कंपनी स्थापन झाली. पण छापखान्यात घडले तेच पुन्हा घडले. खर्चाचा हिशेब आणि कलेची हौस यांचे जमले नाही. दादासाहेब रागावून काशीला निघून गेले. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. पुढे ते कंपनीत परत आले, परंतु पूर्वीचे दिवस परत आले नाहीत. बोलपट आला आणि मूकपटाचा हा किमयागार मागे पडला. कोल्हापूर सिनेटोनसाठी १९३७ साली केलेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. ज्या धंद्याचा पाया त्यांनी घातला, तो तोवर लाखोंची उलाढाल करू लागला होता; त्यांच्या अखेरच्या दिवसांची त्याने फारशी विचारपूस केली नाही.

दादासाहेबांना देव्हाऱ्यात बसविणे सोपे आहे, पण त्याने आपला काही फायदा नाही. त्यांच्यात दोष होते. हिशेबाची त्यांना आवड नव्हती, स्वभाव तडकाफडकी होता, भागीदारी त्यांना दोनदा मानवली नाही. एकट्याच्या हट्टाने आरंभ होतो, पण संस्था टिकवावयाची तर चार माणसांशी जुळवून घ्यावे लागते, हा धडा त्यांच्या आयुष्यातून उलट बाजूने शिकता येतो. वार्षिकांकाच्या संपादक मंडळात काम केलेल्यांना तो पटेल.

आणखी एक धडा दुःखद आहे. त्यांनी काढलेल्या शंभराहून अधिक लहानमोठ्या चित्रपटांपैकी आज फारच थोडे शिल्लक आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’ची जी दोन रिळे पाहावयास मिळतात, तीही १९१७ साली पुन्हा तयार केलेल्या प्रतीची असावीत असे अनेक अभ्यासक मानतात. त्या काळची फिल्म पटकन पेट घेणारी, लवकर नासणारी, आणि जपण्याची दृष्टी कोणाला नव्हती. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने १९६४ नंतर शोध घेतला म्हणून एवढे तरी हाती लागले. आपल्या महाविद्यालयाचे जुने अंक आणि जुने फोटो कोठे आणि कसे ठेवले आहेत, हे आपण कधी पाहिले आहे काय?

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. अंधारखोली लागत नाही, आम्ल लागत नाही, ठसे लागत नाहीत. बोटाच्या एका स्पर्शाने होणारे काम शिकण्यासाठी फाळके यांना रतलाम गाठावे लागले होते. आपल्याच मोसमच्या काठी पुढे मालेगावात काही हौशी माणसांनी ‘मालेगाव के शोले’सारखे चित्रपट साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर काढले. मोठ्या स्टुडिओत कॅमेरा रुळांवरून सरकवितात, येथे तो सायकलवरून फिरविला गेला. म्हणजे साधनांची सबब दादासाहेबांच्या वेळी खरी नव्हती आणि आजही नाही. उणीव आहे ती केसभर चूकही डोळ्यांना खुपण्याची.

ती सवय कोठे लागेल? माझे मत असे की, ती याच वार्षिकांकात लागू शकते. कोणाचा चेहरा उजेडात घ्यावा, दोन फोटोंमध्ये किती जागा सोडावी, कोणते चित्र वगळावे, कवितेच्या बाजूचे पान मोकळे का ठेवावे, हे प्रश्न लहान दिसतात. दादासाहेबांची पंचवीस वर्षे अशाच लहान प्रश्नांत गेली. त्यांना त्या वेळी ठाऊक नव्हते की आपण चित्रपटाची तयारी करीत आहोत. आपल्यालाही आज ठाऊक नाही की आपण कशाची तयारी करीत आहोत.

पुढच्या वर्षी संपादक मंडळाने एक दिवस नाशिकला जाऊन यावे. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेबांचे स्मारक आहे. तेथे सर्वांचा मिळून एक फोटो काढावा आणि तो अंकात छापावा. मात्र त्यात सर्वांचे चेहरे स्पष्ट दिसले पाहिजेत.